हात लावू नये

मोडेनाहून जपून आणलेलं तिकीट
मी बाबांच्या हातात दिलं.
जाड कागद, त्यावर लाल गाडीचं नाक.
त्यांनी आधी अंगठ्यानं छपाई चाचपली,
मग किंमत विचारली.
सांगितली.
"कारखाना बघायचे एवढे?
आम्हाला तर आत जायचे पैसे मिळायचे."

काशिनाथ तोडणकर, पेंट शॉप, कुर्ला.
तेहतीस वर्षं फियाटच्या पाठीवरून हात फिरवला.
पुढं गाडीचं नाव बदललं,
बाबांनी नाही बदललं.

नेहरूनगरच्या खोलीत, दिवाणावर,
मी एकेक फोटो पुढं सरकवत होते.
ही बघा, बारा सिलिंडरची.
ही शर्यत जिंकलेली, ही जळता जळता वाचलेली.
बाबा दोन बोटांनी फोटो मोठा करायचे,
गाडी बाजूला ढकलायचे
आणि मागं काचेआड काम करणाऱ्या माणसाचे
बूट बघायचे.
फरशी बघायचे.
"तेलाचा थेंब नाही कुठं!
वर्कशॉप आहे की रक्त तपासायची लॅब?"

पेंट शॉप दाखवलं का?
नाही बाबा, तिथं पाहुण्यांना नेत नाहीत.
"बरोबर. पाहुण्यांबरोबर धूळ येते."
पहिल्यांदाच त्यांना इटली पटली.

मग तो भिंतभर लावलेला जुना फोटो.
शिफ्ट सुटलीय, सायकली, टोप्या,
गेटातून सांडणारी माणसं.
बाबांनी चष्मा कपाळावर घेतला.
"हा डावीकडून चौथा. हा पेंटर."
कशावरून?
"बोटं फाकवून चालतोय बघ.
हात कोरडे झाले तरी बोटांना खरं वाटत नाही."
मी बघितलं.
दिवाणावर, त्यांच्या मांडीशेजारी,
त्यांची बोटं तशीच होती.

"हात लावलास एखादीला?"
दोरी होती, बाबा.
तीन भाषांत पाटी होती.
"मग काय बघितलंस?"
एवढंच म्हणाले, आणि पाणी प्यायला उठले.

पुढच्या रविवारी त्यांनी मला टूरला नेलं.
इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन.
एलबीएस रोडला रिक्षा सोडली, आणि
जिथं मान मोडेस्तोवर टॉवर आहेत
तिथं हात पसरून म्हणाले,
हे गेट.

कॉफीचं दुकान: इथं बॉडी शॉप.
एटीएम: इथं कार्ड पंच करायचं,
दोन मिनिटं उशीर झाला की अर्धा तास कापायचे.
मुलांची घसरगुंडी आहे ना, तिथं ग्रेशस डाबरे बसायचा,
रंग कालवायचा.
त्याला पांढऱ्यातले चार पांढरे वेगळे दिसत,
बायकोची नवी साडी मात्र दिसत नसे.

वॉचमन मागं मागं येत होता.
बाबांना वाटलं, ऐकायला येतोय.
त्यालाही सांगत राहिले.

पेंट शॉप कुठं होतं ते लवकर सापडेना.
पावलं मोजली, चुकली, परत मोजली,
शेवटी आम्ही तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरलो.
बी दोन, खांब एकोणतीस.
"इथं," म्हणाले. "इथंच, पण वर, हवेत."
आणि छताकडं बघत उभे राहिले,
जिथून पाइप जात होते, कुणाचे तरी.

समोर एक करडी गाडी उभी होती, नवी, महागडी.
बाबांनी पंजा पालथा केला, परत सुलटा केला,
डोळे मिटले
आणि दारावरून हात नेला,
तापल्या पोराच्या कपाळावरून नेतात तसा.

मी म्हटलं, बाबा, कुणाची तरी आहे.
ट्रॉली ढकलत एक तरुण आलाच.
"अंकल, कुछ हुआ क्या?"
बाबांनी डोळे उघडले नाहीत.
"हे दार दुसऱ्यांदा रंगवलंय. कुठं ठोकलीत?"

तो ट्रॉलीसकट थांबला.
मागं बघितलं, लिफ्टकडं.
मग मराठीत, अगदी हळू:
"काका, बायको वर बिल भरतेय.
तिला नका सांगू."

बाबांचा हात अजून दारावरच होता.
"नाही सांगत," म्हणाले.
"पण काम बरं केलंय हो.
कोण आहे पोरगा?
कुठं बसतो?"